आपट्याच्या पानांखालची फ्लॉपी

आपट्याची पानं हातात चुरली की शिरूरच्या आमच्या ओसरीवरचा तो दसरा आठवतो आणि अजूनही माझे दात आवळले जातात.

घरचा कॉम्प्युटर दर महिन्याला अडकायचा. दुरुस्तीवाला यायचा, पैसे घ्यायचा आणि माझ्या वडिलांना सांगायचा, "आबा, पोरगी कायबी दाबती." आबांनी मला कॉम्प्युटरला हात लावायला बंदीच केली.

ते शेतावर गेले की मी चोरून त्याच्यापुढं बसायची. एकदा, मशीन सुरू होताच आपोआप चालणारा एक प्रोग्राम सापडला. त्याला दुरुस्तीवाल्याच्या लेकीचं नाव होतं, त्याच्या दुकानाच्या पाटीवर होतं तेच. तो एका फ्लॉपीवर उतरवून घेतला, मशीनमधून काढला आणि मशीन सुरळीत पळायला लागलं.

दसऱ्याला दुरुस्तीवाला सोनं द्यायला आला. मी त्याच्या हातावर पानं ठेवली, पानांखाली फ्लॉपी.

"दादा, तुमच्या लेकीच्या नावाचा प्रोग्राम आमच्या मशीनमधी लपून बसला हुता. घिऊन जावा."

त्याचा चेहरा उतरला. चहा न घेताच तो निघाला. मी त्याच्या पाठीकडं मन भरेपर्यंत बघत राहिले.

आबा माझ्यावरच खेकसले, "सणासुदीला दारी आलेल्या माणसाला आसं बोलत्यात व्हय?"

तेव्हा वाटलं, सूड पुरा झाला. आज वाटतं, ती फ्लॉपी आबांच्या हातावर ठेवायला हवी होती.