कुणाला जास्त भाव?

चौसाळ्याच्या अलीकडं आमचं जिनिंग आहे. शेतकऱ्यांचा कापूस घ्यायचा, सरकी वेगळी करायची, गाठी बांधायच्या. एके वर्षी कपडे बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आला. म्हणाला, कमी फवारणीचा, स्वच्छ वेचलेला कापूस द्या, बाजारापेक्षा जास्त भाव देऊ. मी तो भाव शेतकऱ्यांना कबूल केला आणि वेचणीसाठी सुती पिशव्या वाटल्या.

पहिलाच माल परत आला. त्यात केस होते, गुटख्याच्या पुड्यांचे तुकडे होते, प्लास्टिकच्या गोणीचे धागे होते. त्या धाग्यांवर रंग चढत नाही, कापडावर ठिपके दिसतात.

मला गादीवर बसवेना. मोटारसायकल काढली आणि सरळ शेतात गेलो. बायका कापूस वेचत होत्या, कमरेला खताच्या गोण्या. टोळीची म्होरकी पन्नाशीची असेल.

"मावशी, पिशव्या दिल्या होत्या ना? मग ह्या गोण्या कशाला?"

"पिशवीत लई कमी बसतंय. घडीघडी बांधाला जाऊन रिकामी करावी लागती. आमाला किलोवर पैसे हायेत, दादा."

"पण स्वच्छ कापसाला जास्त भाव आहे."

"कुनाला?"

तिनं मानही वर केली नाही. हात बोंडांवर चालूच होते. मी तिथून तडक मालकांकडं गेलो.

शेताचे मालक वडिलांच्या वयाचे. त्यांना म्हटलं, "आप्पा, वाढीव भावातलं थोडं बायकांना द्या."

"तू सांगून मोकळा होशील. उद्या सगळं गाव तेच मागंल. शेती मला करायची हाय."

त्यांचं चूक म्हणता येईना आणि गप्पही बसवेना. शेवटी माझ्या नफ्यातून द्यायचं ठरवलं. बांधावर चादर अंथरायची, पिशवी तिच्यावर ओतायची. स्वच्छ निघाली की किलोच्या मजुरीवर वरचे पैसे तिथंच बाईच्या हातात.

पुढचा माल पास झाला. पण बायका आता माझ्या शेतकऱ्यांकडंच जायला लागल्या. बाकीचे शेतकरी गेटवर येऊन भांडून गेले, "आमचा कापूस झाडावरच राहिला!" मग तेही मजुरी वाढवायला लागले, तेव्हा आप्पांनी स्वतःच वरच्या पैशांतला निम्मा वाटा उचलला. वर म्हणाले, "बाया दुसरीकडं जाऊ नयेत म्हनून देतोय. तुझं ऐकून न्हाई."

मला तेवढं पुरेसं होतं.

यंदा कंपनीचा निरोप आला. आता सगळीकडून स्वच्छ माल मिळतोय, वाढीव भाव कमी करावा लागेल.

काल शेतात गेलतो. मावशीनं विचारलं, "औंदा बी तसंच हाय ना?"

"हो," म्हणालो.

आप्पांना अजून काही सांगितलेलं नाही. सकाळपासून कंपनीच्या माणसाला फोन लावतोय आणि पहिली रिंग वाजायच्या आत कापतोय.