वखारीची डागडुजी

उमरोळीच्या रस्त्यावर गवताच्या गाठींचा ट्रक पुढे गेला, की त्या सुक्या वासाने मला पालघरची जुनी गवताची वखार आठवते. सागाचे खांब, उंच कौलारू छप्पर आणि ओट्यावर एका वयस्क बाईंचं चहाचं दुकान. मालकाला वखार पाडायची होती. जुनी वास्तू पाहणीशिवाय पाडता येत नाही, या नियमाच्या आधारावर बाईंनी हरकत घेतली होती. पाहणीच्या सकाळी मी बातमीसाठी नगरपरिषदेच्या अधिकाऱ्याबरोबर पोचलो, तेव्हा कौलं उतरवून झाली होती आणि मजूर आढ्याला दोर बांधत होते. "पाडकाम थांबवा," अधिकारी म्हणाला. मालक हसला. "पाडतंय कोण, साहेब? डागडुजी आहे. तिला कुठे परवानगी लागते?" "तुज्या बंगल्याची कर ना अशी डागडुजी!" बाई ओट्यावरून ओरडल्या. तेवढ्यात दोर ताणला गेला, आढं निसटलं आणि मागची भिंत गडगडत आत कोसळली. धूळ खाली बसली. मग अधिकाऱ्याने रुमालाने चष्मा पुसला. "वास्तू आता धोकादायक झाली. ती लगेच उतरवावी लागेल. बाई, दुकान रिकामं करा." "सायब, सकाली धोका नव्हता. यानं तुमच्या डोल्यासमोर केला ना?" "मी पाहिलं," तो शांतपणे म्हणाला, "पण धोका कोणी केला, हे नियमात विचारलेलं नाही." संध्याकाळपर्यंत वखार सपाट झाली. नियम मोडल्याच्या बातम्या मी आजवर पुष्कळ दिल्या आहेत. त्या दिवशी मी नियम पाळला जाताना पाहिला, आणि तो धक्का अजून ओसरलेला नाही.