पट्टीखालचे हात

धाकट्याला ऐकू येत नाही, हे घरात सगळ्यांच्या आधी ताईला कळलं. तेव्हा ती स्वतःच फ्रॉकमधली पोर. पाळण्यापाशी तिच्या हातून पातेलं पडलं, आई धावत आली, आणि बाळ छताकडे बघून हसत राहिलं. त्या दिवसापासून त्याच्या वाट्याचं ऐकून घेणं तिच्याकडे आलं ते आलंच. दवाखान्यात ती, बँकेत ती, त्याच्या लग्नाच्या बोलणीतही तीच. मुलीकडच्यांचे टोमणे ती गाळून सांगायची, आणि तो तिच्या चेहऱ्यावरून नेमके गाळलेलेच वाचायचा.

पुढे तो सुतार झाला आणि ती कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका. खुणांच्या भाषेत प्रत्येकाला एक नाव असतं. त्याने तिला दिलेलं नाव म्हणजे मानेमागची वेणी ओढल्याची खूण. वेणी गेली, आखूड पांढरे केस आले, नाव तेच राहिलं.

नगरपालिकेने ठरवलं की स्थानिक वाहिनीवरच्या सूचना कोपऱ्यातल्या चौकटीत खुणांनीही सांगायच्या. ताईला बोलावणं आलं. पहिल्याच दिवशी सूचना होती ती अपंगांसाठीच्या नव्या धोरणावरच्या जाहीर बैठकीची: बैठक संध्याकाळी नाही, सकाळी होणार. ताईने जीव ओतून सांगितलं. हवेत तरंगत घरी आली, तर धाकटा दारात उभा.

"चेहरा छान दिसला," त्याने खुणेने सांगितलं. "पण हात कुठे ठेवून आली होतीस? बादलीत धुणं पिळत होतीस का?"

पडद्याच्या तळाशी जाहिरातींची पट्टी सरकत होती. गाद्यांचा सेल, दातांचा दवाखाना. तिच्या खांद्यांखालचं सगळं त्या पट्टीने गिळलं होतं.

धाकटा सकाळी बैठकीला गेला, कारण ताईने त्याला घरी सांगितलं. त्याचे मित्र संध्याकाळी गेले आणि सभागृहाच्या कुलपाकडे बघून परतले. त्यांच्यात चामड्याचं काम करणारा एक म्हातारा जिनगर होता, बायकोला सोबत घेऊन आलेला. दोघांनाही ऐकू येत नव्हतं.

"मला तू आहेस," धाकटा म्हणाला. "सगळ्यांना बहीण नसते."

ताईला त्या रात्री घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ती वाहिनीच्या निर्मात्याकडे गेली. तो माणूस वाईट नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली, चहा मागवला.

"ताई, पट्टीच्या पैशांवर वाहिनी चालते. आणि खरं सांगू का, त्या कोपऱ्याकडे बघतं कोण? चौकट आहे, एवढ्यानेच लोकांना बरं वाटतं." मग त्याचे डोळे चमकले. "त्यापेक्षा तुमच्या भावावर कार्यक्रम करू. मुका कारागीर, बोलके हात. मागे व्हायोलिन."

धाकट्याने हे कळल्यावर रंधा बाजूला ठेवला. "व्हायोलिन कोणासाठी? मला तर ऐकू येणार नाही." त्याने अंगावरचा भुसा झटकला. "माझे हात त्यांना कार्यक्रमात चालतात. तुझे चौकटीत चालत नाहीत."

इतक्या जणांची बैठक हुकली म्हणून नगरपालिकेने ती पुन्हा घेतली. कॅमेऱ्यापाशी निर्माता स्वतः उभा होता. धोरणावर शेवटचं बोलणं त्या दिवशी व्हायचं होतं; जे राहील ते राहून जाणार होतं. धाकट्याची पाळी आली. तो बोलणार खुणांनी, आणि ताई ते मोठ्याने सांगणार, असं ठरलेलं. तो टेबलाशी बसला आणि टेबलाखाली हात हलवू लागला.

ताई पुढे झुकली. हा घाबरला की काय? "हात वर घे," तिने खुणावलं. त्याचं खाली चालूच.

"काय म्हणतायत ते?" अध्यक्षांनी विचारलं.

"कळत नाही, साहेब."

"अहो, तुम्ही दुभाषी ना?"

सगळं सभागृह तिच्याकडे बघू लागलं. तिने धाकट्याच्या तोंडाकडे पाहिलं. लहानपणी तिचं दप्तर लपवून बसायचा तेव्हा त्याचा चेहरा असाच भाबडा व्हायचा. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"दुभाषीच आहे. पण हात दिसल्याशिवाय काय सांगू? वाहिनीवरच्या चौकटीत माझेही दिसत नाहीत. मागच्या बैठकीची बदललेली वेळ मी अशीच सांगितली होती."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. अध्यक्ष निर्मात्याकडे वळले. तेव्हा कुठे धाकट्याने हात वर घेतले, आणि ताई त्याचे शब्द सांगू लागली: "चौकट मोकळी ठेवा. आणि ते धोरणात लिहा. उद्या निर्माता बदलेल, ताई दमेल. लिहिलेलं राहील."

ते लिहिलं गेलं.

"टेबलाखाली काय बोलत होतास रे?" घरी जाताना तिने विचारलं.

"तुला शिव्या देत होतो. एवढं साधं कळायला किती वेळ लावलास."

पट्टी आता पडद्याच्या वरच्या कडेने सरकते. कधी कधी अध्यक्षांच्या कपाळावरून गाद्यांचा सेल जातो. ताई सुरुवातीला मानेमागे हात नेऊन आपलं नाव सांगते आणि मग सूचना.

परवा बाजारात पलीकडच्या फुटपाथवरून एका अनोळखी बाईने तिच्याकडे बघून वेणी ओढल्याची खूण केली. ताई थबकली. या नावाने आजवर तिला घरातच हाक यायची. बाईने पिशवी काखेत धरली, हात मोकळे केले आणि विचारलं: डोळे तपासणीचं शिबिर शुक्रवारीच ना?

शुक्रवारीच, ताईने रस्त्याच्या अलीकडून खुणेने सांगितलं. मधून गाड्या जात होत्या.