गुळपाण्याचं गणित

मच्छिंद्र सरांच्या क्लासात मिश्रणाची गणितं नुसती सोडवायची नसत, प्यायची असत. शिरूरच्या एसटी स्टँडमागं, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत भरतीची पोरं-पोरी बसायची. मिश्रणाचा धडा निघाला की सरांच्या बायको सविताबाई दोन कळशा पाठवायच्या. एकीत गुळाचं घट्ट पाणी, दुसरीत पातळ. गूळ त्यांच्या माहेरचा, केडगावच्या गुऱ्हाळातला. फळ्यावर फुली मारून प्रमाण काढायचं, तसंच मिसळायचं आणि उत्तर पिऊन टाकायचं. चुकलात? मग ते मिळमिळीत पाणीही संपवा, सुटका नाही!

सविताबाई गेल्या आणि सरांनी तो धडाच सोडून दिला. "मोबाईलवर बघून घ्या," म्हणायचे. अहो, शिकवणार तरी कसे? फुली मारायला खडू उचलला की बिचाऱ्यांना त्या कळशा आठवायच्या, आणि खडू परत खाली ठेवायचे.

यंदा मात्र क्लासातली तेजश्री हटून बसली. पोलीस भरतीचा पेपर रविवारी. गेल्या खेपेला एका मार्कानं हुकलं होतं, आणि चुकलेला प्रश्न नेमका मिश्रणाचा.

"सर, तुम्ही न्हाई शिकवलं तर मी कुणाकडं जाऊ? माझी आई सारिका, तीबी तुमच्याकडंच शिकली."

सारिकाचं नाव ऐकलं आणि सरांनी मान वर करून तेजश्रीकडं बघितलं. सविताबाईंच्या हाताखाली गूळ फोडायला तीच तर धावायची.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः कळशा घेऊन जिना चढले. धापा टाकतच फळ्यावर मांडलं: घट्ट तीस टक्के, पातळ दहा, हवं पंधरा. फुली मारली. तिरकी वजाबाकी करायची. पंधरातून दहा गेले, पाच. तिसातून पंधरा गेले, पंधरा.

"म्हंजी घट्ट एक पेला, तर पातळ तीन!" तेजश्री ओरडली आणि तिनं बरोबर तसंच मिसळलं.

सरांनी घोट घेतला आणि त्यांचा चेहराच पडला. गूळ तोच, प्रमाणही बरोबर, पण चव सविताबाईंची नव्हती. आता ती परत कुठली मिळायला, असं वाटून त्यांनी पेला खाली ठेवला.

तेजश्रीनंही चाखून बघितलं. "सर, मीठ राहिलं."

"मीठ? यात मीठ कुठनं आलं?"

"आई सांगती ना. काकू दोन्ही कळशांत चिमूट चिमूट मीठ टाकायच्या. म्हणायच्या, सरांना सांगू नगंस गं, त्यांच्या टक्केवारीत बसायचं न्हाई."

सर हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. "बघा की, इतकी वर्षं बाईनं मला पत्ता लागू दिला नाही!"

खालच्या चहावाल्याकडून मीठ आलं. सरांनी चिमूटभर टाकलं, ढवळलं, घोट घेतला. मग पेला तळापर्यंत रिकामा केला. अगदी तीच चव. मग उठून त्यांनी फळ्यावर उत्तराखाली लिहिलं, 'मीठ, चिमूटभर.'

"पेपरात हे लिहू नकोस हं," ते तेजश्रीला म्हणाले. "चल, पुढचं गणित मांड."