माझ्या वाट्याचा दगड

नावं मी कोणाचीच सांगणार नाही. अर्थ सांगते, तेवढ्यावर भागेल. माझ्या नावाचा अर्थ दगड. धाकट्या बहिणीच्या नावाचा अर्थ फूल. तेही साधंसुधं नव्हे, कुंपणावर चढणाऱ्या वेलीचं, पांढरं, नाजूक, वासाचं. दोघी एकाच आईच्या पोटच्या, आणि बारशाला दोघींच्या कानात नाव सांगणारी आत्याही एकच. तरी हा असा पंक्तिप्रपंच!

कारण होतं. माझ्याआधीची दोन मुलं वर्षाच्या आत गेली होती. तिसरीला दृष्ट लागू नये, नाव ऐकूनच यमाने तोंड फिरवावं, म्हणून आत्याने मला दगड करून टाकलं. मी जगले. दीड वर्षाने बहीण झाली तेव्हा घरातली भीती सरली होती, आणि आत्याने हौसेने फुलाचं नाव शोधून आणलं.

मी जळायची. त्याला दुसरा शब्द नाही. आई अंगणातून तिला हाक मारायची ती कशी गोड वाटायची. मला मारलेली हाक पायरीवर काहीतरी आपटावं तशी यायची. तक्रार केली की आई म्हणायची, "तू जगावी म्हनून तं ते नाव ठेवलं, माय. हिचं मले काही भेव नव्हतं." तेवढं एकच माझं होतं. आईने जीव मुठीत धरला तो माझ्यासाठी. फारच जळफळाट झाला की मी बहिणीला ऐकवायची, "तुह्यासाठी आई घाबरली बी नव्हती!" ती "बरं" म्हणायची आणि सागरगोटे खेळत बसायची.

पुढे राज्य बदललं. तापीकाठचं आमचं गाव जागेवरच राहिलं, पण राजधानी नागपूरची भोपाळ झाली, आणि आमच्या मुलींच्या शाळेत ग्वाल्हेरकडून बदली होऊन एक बहनजी आल्या. त्यांना मराठीचा गंध नव्हता. दुसरी आणि तिसरी एकाच खोलीत बसायची, त्यामुळे बहीणही तिथेच, दुसरीच्या रांगेत. पहिल्याच आठवड्यात बहनजींनी फर्मान काढलं: प्रत्येकीने उठून आपल्या नावाचा अर्थ सांगायचा.

बोहरी व्यापाऱ्याची मुलगी म्हणाली, तिचं नाव अरबी आहे, अर्थ उजेड. फाळणीनंतर आलेल्या सिंधी घरातली म्हणाली, आजीने ग्रंथ उघडून त्यातून पहिलं अक्षर काढलं, नावाचा अर्थ अमृत. जैनाबादहून तापी ओलांडून होडीने येणाऱ्या विणकराच्या मुलीचं नाव फारसी, म्हणजे राजकन्या. चपलेचा अंगठा तुटलेला, पण राजकन्या! माझी पाळी जवळ येत होती तसा माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. साऱ्या जगात दगड काय मी एकटीच?

उठले, आणि बहनजींकडे बघत ठणकावून सांगितलं, "सफेद फूल, बहनजी. खुशबूवाला."

बहनजी "वाह" म्हणाल्या. तेवढ्यात मागून एक मराठी पोरगी ओरडली, "झूठ बोलती है! इसका तो पत्थर होता है!"

खोलीभर हशा झाला. बहनजी काही विचारणार, तोच दुसरीच्या रांगेतून माझी बहीण उठली.

"पत्थर मेरा है, बहनजी," ती म्हणाली. "इसका फूल है. हम बहनें हैं ना, लोग भूल जाते हैं किसका कौन सा है."

बहनजींना काय कळणार? त्यांनी मला शाबासकी दिली. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत पोरी तिला "ए पत्थर" म्हणू लागल्या. खरं ठाऊक असलेल्या मराठी पोरीसुद्धा, गंमत म्हणून. ती हसून ओ द्यायची. तिचे आभार मानावेत असं मला एकदाही वाटलं नाही. उलट जास्तच जळले. नाव तर चांगलं होतंच, आता मनही तिचंच चांगलं निघालं.

महिन्याभराने शेजारच्या मुलीने आईपाशी चुगली केली. आई अंबाडीची भाजी निवडत बसली होती. मी मार खायच्या तयारीने दाराशी उभी राहिले. मार बसला असता तर बरं झालं असतं.

आईने सगळं ऐकून घेतलं, पदराला हात पुसले आणि बहिणीला ओढून मांडीवर घेतलं. तिचे डोळे भरले होते.

"सारी शाळा हिले दगड म्हनते? म्हनू दे," ती म्हणाली. "मागं हिले ताप आला होता ना, तवापासून लय भेव वाटे मले हिचं. बोलली नाही कोनाले. आता नाही लागत हिले कोनाची नजर."

मी दाराशी उभीच होते. आईचं माझ्याकडे लक्षही गेलं नाही. तिची ती भीती तेवढी एक माझी आहे असं मी धरून चालले होते. ती तर कधीचीच दोघींत वाटली गेली होती. आणि उरला होता तो दगड, तोही मीच भर वर्गात उभं राहून बहिणीला देऊन आले होते.