घरात चालत नाही

वरच्या ताई दिलेला शब्द अक्षरशः पाळत. खोली बघायला आल्या तेव्हा मी दारातच आमची अट सांगितली, "घरात अंडं चालणार नाही." त्या छताकडे बघत "हव" म्हणाल्या. हा छत्तीसगढी होकार त्यांनी रायपुरात उतरल्या दिवशीच उचलला असावा. पुढच्याच आठवड्यात वरून ऑम्लेटचा वास आला. गेलो तर गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे स्टोव्ह पेटलेला, आणि ताई उभ्या उभ्या नवऱ्याला वाढत होत्या. "घरात नाही भाऊ," त्या म्हणाल्या, "गच्चीवर."

छत्तीसगढ नुकतंच नवं राज्य झालं होतं. राजधानी म्हणून गावात माणसं येत होती आणि बूढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीतही भाड्याच्या खोल्यांना भाव आला होता. ताईंचे यजमान मालगाडीवर गार्ड, गोंदियाहून बदलून आलेले. एक लहान मुलगी. आम्हीही मूळचे विदर्भातलेच, त्यामुळे मराठी भाडेकरू मिळाले याचाच मला आनंद होता.

त्यांच्याशी जपून बोलावं लागे. "या कधी जेवायला" म्हटलं की त्या "कधी?" म्हणून वार विचारत आणि त्या वारी येत. माझी बायको सुनंदा एकदा त्यांच्या साडीचा पदर हातात घेऊन, ही मला द्या हो, असं थट्टेत म्हणाली. दुसऱ्या दिवशी साडी इस्त्री करून आमच्या दारात. सुनंदा ओशाळली. "मी हव म्हटलं होतं ना," ताई म्हणाल्या. "बोललं तं बोललं."

सुनंदा पापड वाळले का बघायला गच्चीवर जाऊ लागली आणि बडीशेप चघळत खाली येऊ लागली. पावसाळ्यातही तिचे पापड वाळत होते. मला सगळं कळत होतं. कळत नाही असं दाखवण्यात आपला मोठेपणा आहे, असं मला तेव्हा वाटे.

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. समता कॉलनीत नव्याने निघालेल्या एका दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की सुनंदाच्या बीजाने काही होणार नाही, दुसऱ्या बाईचं घ्यावं लागेल. तेव्हा आजच्यासारखे कडक नियम नव्हते. ओळखीची कुणी असेल तर तिने अर्ज करावा, नाहीतर आम्ही बाहेरून बघू, असं त्या म्हणाल्या. सुनंदा ते ऐकून आली ती थेट गच्चीवर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई उंबऱ्याशी उभ्या होत्या. "भाऊ, मी अर्ज करून राहिली," त्या म्हणाल्या. यजमानांना विचारून झालं होतं. ते सही द्यायला तयार होते. मग त्यांना हसू आलं. "तुमच्या घरात अंडं चालत नाही म्हणता. हे चालन ना?"

सुनंदा रडता रडता हसली. मी हो म्हणालो.

ताई रिक्षाने समता कॉलनीत खेपा घालू लागल्या. रक्त दिलं, सोनोग्राफी झाली, घरात कुणाला काय आजार होते ते सांगून झालं. सुयांची त्यांना भीती वाटे, म्हणून सुनंदा हात धरायला सोबत जाई. आणि मी रात्री जागा राहून विचार करी. ताईंची जात आमची नव्हती. आईला काय वाटेल, ही सबब पुढे करता आली असती, पण आई जाऊन दोन वर्षं झाली होती. वाटत होतं ते मलाच वाटत होतं.

ताईंकडे फोन नव्हता. अर्जावर त्यांनी घरमालकाचा, म्हणजे आमचाच नंबर दिला होता. एका दुपारी दवाखान्यातून फोन आला, "उनकी रिपोर्ट अच्छी है, सोमवार को भेज दीजिए." सुनंदा घरात नव्हती. मी म्हणालो, "उन्होंने मना कर दिया है."

मग जिना चढून वर गेलो. ताई तांदूळ निवडत होत्या. दवाखान्याचा फोन होता, असं मी सांगितलं.

"काय म्हणाले?"

"चालत नाही म्हणाले."

"काहून?"

"ते काही सांगितलं नाही."

संध्याकाळी त्या खाली आल्या आणि सुनंदाचे हात धरून म्हणाल्या, "वहिनी, माह्यातच खोट निघाली." सुनंदा त्यांची समजूत काढत राहिली. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो.

त्यानंतर गच्चीवर स्टोव्ह पेटेना. आपल्याला मोठा आजार आहे, असं ताईंनी धरलं होतं. मुलीची वेणी घालता घालता त्या मध्येच थांबत, हे सुनंदाने मला सांगितलं.

सुनंदा बाजारात गेलेली असताना एकदा त्या उंबऱ्याशी आल्या. "रेल्वेच्या दवाखान्यात सगळं तपासून आली भाऊ. काहीच खोट नाही म्हणाले."

"बरं झालं."

"मंग कोणाले चालत नव्हतं?"

जेवायला कधी येऊ, हे विचारून त्या जशा थांबत, तशाच थांबल्या. मी पेपर उचलून उघडला. त्या "हव" म्हणाल्या आणि वर गेल्या. सुनंदाला त्यांनी काही सांगितलं नाही. सांगू नका, असं म्हणायचंही धैर्य मला झालं नव्हतं.

वर्षभरात बिलासपूरची बदली आली. सामान गेलं; स्टोव्ह त्यांनी सुनंदासाठी टाकीमागे ठेवला.

पुढे दवाखान्याने बाहेरून बाई आणली. आमच्यातली मिळेल का, असं मी विचारलं. नाव-गाव सांगत नाही, असं उत्तर मिळालं आणि मी सही केली. कोणाचं ते माहीत नसलेलं मला चाललं. आमची मुलगी आता कॉलेजात आहे, मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देते आणि सकाळी आमच्याच गॅसवर हाफ फ्राय करते. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला सुनंदा म्हणते, तेव्हा बिचाऱ्या ताईंचं जमलं असतं तर. मी हो म्हणतो. हे लिहिलेलं आधी सुनंदाच्याच हातात देणार आहे.

मुलीच्या वाढदिवसाला दरवर्षी ताईंचा फोन येतो. या वर्षी सुनंदा आंघोळीला गेली होती, म्हणून मी उचलला. त्यांनी तब्येत विचारली. मग म्हणाल्या, "पोट्टी अंडं खाते का?"

"खाते."

"गच्चीवर?"

"नाही. घरात."

"हव," ताई म्हणाल्या. "मंग आता चालते." आणि वहिनींना फोन द्या म्हणाल्या.