साडूंच्या मोटारीतला आवाज

उभ्या हुबळी-धारवाडात कोणाचंच न ऐकणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला, आमचे अण्णा. शहात्तर सालच्या सुमारास सगळ्यांच्या नाकावर टिच्चून अण्णांनी दोन मालकांनी वापरून झालेली मोटार घेतली. इंजिनात पहिल्या दिवसापासून खडखड. त्यांची बायको, म्हणजे आमची अक्का, म्हणाली, विकून टाका. केशवापुरातला मेस्त्री म्हणाला, इंजिन उतरवावं लागेल. अण्णा म्हणाले, "इंजिन माझं, आवाज माझा. तुमच्या कानाला सोसत नसेल तर चालत जा."

मग आवाज शोधायचं वेडच लागलं. गाडीत बोलायला बंदी. पुढच्यानं गिअर ऐकायचा, मागच्यानं चाकं. अक्कानं भाजीचा विषय काढला की कन्नडात दम मिळायचा, "सुम्न कूड्री," गप्प बसा. मग अक्का घरी गेल्यावरही दोन दिवस गप्पच. नवनगरच्या एका बारशाला आम्ही पोचलो तेव्हा बाळाचं नाव ठेवून पंगतही उठली होती, कारण वाटेत अण्णांनी सहा वेळा बॉनेट उघडलं होतं.

ऐकायचे ते एकीचंच. त्यांची मुलगी सुमी विद्यानगरच्या कॉलेजात होती. तिनं पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि अण्णा शेजारी श्वास रोखून उभे. एक दिवस ती म्हणाली, "अण्णा, इंजिनाला काही झालेलं नाही. डायनमोचा बोल्ट ढिला आहे." बोल्ट आवळला, खडखड थांबली. त्या दिवशी अण्णांनी मेस्त्रीच्या दारावरून गाडी तीनदा नेली.

पुढच्याच वैशाखात सुमीचं लग्न झालं आणि ती सोलापूरला गेली. गाडी मुकाट चालायला लागली, आणि अण्णांचं तिच्यातलं लक्षच उडालं. आठवडेच्या आठवडे ती दारात धूळ खात उभी. मला फार वाईट वाटायचं, पण त्यांच्यापाशी तसं बोलायची छाती कोणाची?

लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला सुमी दोन दिवसांसाठी माहेरी येणार होती. तिला आणायला आम्ही दोघं गेलो. आगगाडी यायच्या आधी स्टेशनाबाहेर अण्णांनी पाना काढला आणि माझ्यादेखत इंजिनाचा कुठलासा बोल्ट चांगला दोन आटे सैल केला. "घरी बोललात तर बघा," असा वर मलाच दम.

सुमीला घेऊन गाडी निघाली ती खडखडतच. शंभर पावलं गेलो नसू, तोच ती म्हणाली, "अण्णा, थांबवा." तिनं बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं. बोल्टवर पान्याचा ताजा ओरखडा होता. त्यावर तिनं सावकाश बोट फिरवलं.

"मोठं काम आहे, अण्णा. दोन दिवसांत नाही व्हायचं. आठवडा तरी लागेल."

"लागू दे," अण्णा म्हणाले, आणि रस्त्याकडे तोंड फिरवून उभे राहिले.